लोडावरचे दोन फिकट पट्टे

१

खाजणात तेल सोडून आलिर हाशेला काय मिळणार होतं, ते आधी मांडते.

जळक्या तेलाचं एक पिंप रिकामं. ते न्यायला मॉन्क्टन शहराहून येणाऱ्या गाडीची वाट बघणं वाचलं. त्या गाडीच्या ड्रायव्हरशी हवापाण्यावर गप्पा माराव्या लागतात, त्याही वाचल्या. आलिरला गप्पांचा भारी कंटाळा. एवढंच. जमेच्या बाजूला याहून एक ओळ जास्त लिहिता येत नाही.

नावे बाजूला काय होतं? गॅरेज. बापाने बांधलेलं, बांधाच्या आतल्या रस्त्यावर, अख्ख्या व्ह्यू-मारे गावात एकुलतं एक.

हा हिशेब कुणीही मांडला असता तर समजलं असतं की माणूस एवढ्याशासाठी एवढं घालवत नाही. पण झोएल कॉर्मियेच्या कालवडी मेल्या होत्या, आणि मेलेल्या कालवडीसमोर उभं राहून कुणी हिशेब करत नाही.

शनिवारी सकाळी ओहोटी पुरती लागली होती, बांधाबाहेरचा लाल चिखल उघडा पडला होता, तेव्हा झोएलने आरोळी ठोकली. झोएल म्हणजे आमच्या खाजण मंडळाचा अध्यक्ष, आगीच्या बंबाचा कप्तान आणि सगळ्यात मोठ्या कुरणाचा मालक. एका माणसाच्या डोक्यावर इतक्या टोप्या बसतात कशा, असं मी पोस्टात तिकिटं विकता विकता खिडकीतून कैकदा म्हटलंय. त्याच्या कुरणातून जाणाऱ्या चरात काळा तवंग होता. एक कालवड काठावरच आडवी झालेली, दुसरी पाय झाडत होती, ती दुपारपर्यंत गेली.

चर सुरू होतो आलिरच्या गॅरेजमागे. तिथून झोएलच्या कुरणातून उतरत बांधापर्यंत येतो. बांधाच्या पोटात लाकडी उघाडी आहे, म्हणजे पाणी बाहेर जायची मोरी, आणि तिला समुद्राच्या अंगाला वरून टांगलेली जाड झडप. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरती चढली की समुद्रच तिला दाबून बंद करतो. आमच्या पूर्वजांनी हे तंत्र बसवलं तेव्हापासून समुद्राचा थेंब आत येत नाही, अशी गावाची श्रद्धा. चर्चमधल्या काही गोष्टींवर लोक शंका घेतात, झडपेवर नाही.

म्हणजे तेल वरून आलं. वर कोण? आलिर.

त्यात भर घातली लोडांनी. चरात दोन ठिकाणी तेल पिणारे लोड आडवे टाकलेले असतात: एक गॅरेजच्या खाली, एक उघाडीच्या आत. कापडी खोळ, आत पीट. पीट म्हणजे दलदलीत कुजून कुजून झालेलं शेवाळ. भट्टीत वाळवलं की त्याला पाण्याचा तिटकारा येतो आणि तेलाचं व्यसन लागतं. पाण्यावर तरंगत राहतं आणि तेल तेवढं ओढून घेतं. आमच्या गावातले काही पुरुषही असेच आहेत, पण ते जाऊ दे.

उघाडीजवळचा लोड डांबरासारखा काळा झाला होता. आणि गॅरेजखालचा? जवळजवळ स्वच्छ.

"बघा!" झोएल ओरडला. "तेल सोडलं आणि लगेच नवा लोड टाकून मोकळा झाला! मी स्वतः उघाडीपाशी जाऊन झडपेला हात लावून पाहिलं. घट्ट बंद होती. समुद्राचं नाव कुणी घेऊ नका."

आलिर दारात उभा होता, हातात पाना. "लोड बदलला नाही," तो म्हणाला. त्याहून जास्त बोलणं त्याच्या स्वभावात नाही.

"मंगळवारी सभा," झोएल म्हणाला. "तुझं सांडपाणी चरात यायचं बंद. मग बघू गॅरेज कसं चालवतोस ते."

पाणी काढायला जागा नाही, तर गॅरेजला परवाना नाही. हे आलिरलाही कळलं. पाना त्याच्या हातातून खाली पडला, आणि तो उचलायला तो वाकला नाही.

२

माझ्या नणंदबाई अझेली बेलिव्हो तीस वर्षं विमा कंपनीत नुकसान तपासायच्या. गाव त्यांना अझेली मावशी म्हणतं, मी वन्सं म्हणते. जळलेली कोठारं, बुडालेल्या होड्या, घसरून पडलेल्या म्हाताऱ्या, सगळं त्यांनी पाहिलं आणि त्यातल्या निम्म्यांवर विश्वास ठेवला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांना करमत नव्हतं. सोमवारी त्या माझ्या स्वयंपाकघरात कोंबडीचा फ्रिको, म्हणजे आमचा बटाटे घातलेला रस्सा, चमच्याने ढवळत बसल्या होत्या.

"लेओना, हे लोक नुकसानीचा हिशेब उलटा करतात," त्या म्हणाल्या. "ज्याचं नुकसान झालं त्याला आधी बाजूला काढतात. आमच्याकडे त्याच्यापासूनच सुरुवात करायचो."

"वन्सं, झोएलच्या कालवडी मेल्यात. तो स्वतःच्या जनावरांना विष घालेल?"

"घालेल असं कुठे म्हटलं मी? सुरुवात करायचो म्हटलं. ताट झाक आणि गाडी काढ."

आधी आम्ही गॅरेजवर गेलो. आलिर गाडीखाली होता. त्याचे पाय दिसत होते.

"पिंप रिकामं कसं झालं, आलिर?" वन्संनी पायांना विचारलं.

"शेगडीत जाळलं. हिवाळाभर. दरवर्षी जाळतो."

"मग हे परवा का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं नाही. सगळे सांगत होते."

वन्सं हसल्या नाहीत. मागे जाऊन त्या चरात वाकल्या. गॅरेजखालचा लोड अजून जागेवर होता, कारण स्वच्छ लोडात कुणाला रस नव्हता. त्याच्या पाठीवर गवताचे कोवळे कोंब फुटले होते. गॅरेजकडच्या अंगाला ओल्या चहापत्तीसारखी तपकिरी कड धरली होती. रोजची थेंबथेंब गळती, तो निमूट पीत आलेला. दुसरं अंग कोरं.

"काय दिसतं?" त्यांनी मला विचारलं.

"गवत."

"नव्या लोडावर गवत उगवतं?"

मी वाकून एक कोंब उपटला. गाडीखालून आवाज आला, "मी म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस, पण पटेल असं नव्हतं म्हटलंस," वन्सं म्हणाल्या. "माणसाने वर्षातून एकदा तरी मोठ्याने बोलायची सवय ठेवावी." मग माझ्याकडे वळून त्यांनी आवाज उतरवला. "लोड जुना आहे. म्हणजे तेल इथून गेलंच नाही. मग बांधाजवळ ते कुठून उगवलं, लेओना? आकाशातून?"

३

बंबाच्या शेडमागे तेल प्यायलेल्या लोडांचा ढीग पडला होता. शनिवारी झोएलच्या माणसांनी चर पुसून काढायला पुष्कळ लोड वापरले होते. ते सगळे इथे आणून टाकलेले. उचलून न्यायची व्यवस्था कप्तानाकडे, आणि कप्तानाला सभेची तयारी होती.

उघाडीजवळचा मोठा लोड ओळखायला सोपा होता, कारण तोच सगळ्यात जाडजूड. वन्संनी माझे चांगले हातमोजे घालून तो उलटला. एक बाजू नुसती तेलकट. दुसरी काळीकुट्ट, आणि त्या काळ्यावर दोन उभे फिकट पट्टे, मूठभर रुंद.

"दोरीच्या खुणा," मी म्हटलं.

"दोरी बोटाएवढी असते आणि सगळीकडून फिरते. हे बघ, तिची खूण ही." एक बारीक वळ लोडाला पुरता वेढून गेला होता. "पट्टे फक्त एकाच अंगाला आहेत. इथे काहीतरी टेकलेलं होतं, आणि तेल येत असताना टेकलेलंच होतं. त्याने कापड झाकलं."

"काय?"

"ते बघायला बांधावर जावं लागेल. आधी ओनेझिमकडे चहा घेऊ."

ओनेझिम गोदे बांधाचा राखणदार. त्याचं घर उघाडीच्या अगदी शेजारी. त्याच्या आधी त्याचा बाप राखणदार होता, बापाआधी आजा. ओनेझिमला गुडघ्यांमुळे बांध उतरवत नाही आता. तो झडप कानाने राखतो. भरती चढली की झडप चौकटीवर आपटते, धप्प. तो आवाज ऐकून तो कूस बदलतो. चौकटीत गाळ अडकला तर आवाज बदलतो, बिजागरी झिजली तर बदलतो. गेल्या साली कुणीतरी ओंडका घालून झडप उघडी ठेवली होती. लाकडावर ओरखडा सापडला तेव्हा ओनेझिमने सभा डोक्यावर घेतली होती.

आज मात्र त्याचा टीव्ही इतका मोठ्याने लागला होता की कपबश्या थरथरत होत्या.

"झडप कशी आहे, ओनेझिम?" वन्संनी ओरडून विचारलं.

"उत्तम! रोज ऐकतो! दोन्ही भरत्यांना!" तो कानामागे हात धरून म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. मे महिन्यात, आमच्याकडच्या थंडीत.

"गेल्या आठवड्यातही?"

"सांगितलं ना, रोज! राखणदार बदलायचाय का तुम्हाला?"

तो टीव्ही बंद करून कप विसळायला मोरीकडे वळला. पाठ आमच्याकडे, नळ चालू. वन्सं खिडकीतून बाहेर बघत माझ्या कानाशी पुटपुटल्या, "याच्या पायात दोन निराळे मोजे आहेत. एक हिरवा, एक बायकोचा."

ओनेझिमने पाठ न वळवता एक पाय दुसऱ्यामागे लपवला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बिचारा पार बहिरा झालाय. झडप वाजो न वाजो, याला काय कळणार."

वन्संनी माझ्याकडे बघितलं ते मला अजून आठवतं. दावा खोटा निघालेल्या शेतकऱ्याकडे बघावं तसं. मग त्या बांध उतरून उघाडीच्या आतल्या तोंडाशी गेल्या. लोड बांधायचे दोन खुंट तिथे चिखलात ठोकलेले होते. एरवी पाणी समुद्राकडे वाहतं, म्हणून लोड वाहून जाऊ नये यासाठी खुंट लोडाच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला.

खुंट मूठभर जाडीचे होते.

मी एका खुंटाभोवती मूठ धरली. "म्हणजे काळी बाजू..."

"समुद्राकडची," वन्सं म्हणाल्या. "तेल खाली गेलं नाही, लेओना. वर आलं."

४

धक्क्यावर उलिस मेलांसाँची बोट चिखलात कलंडली होती. आमच्याकडे ओहोटीला सगळ्याच बोटी अशा चिखलात बसतात आणि भरती आली की उठतात. उलिस होडग्याच्या अंगाला ब्रशने घासत होता, एकाच जागी. बोटीच्या तळात साठणारं पाणी पंपाने बाहेर पडतं, त्या भोकाच्या खालची जागा.

"सणाची तयारी?" वन्संनी विचारलं.

"मावशी, गप्पा मारायला आलीस की फासावर चढवायला?" तो ब्रश न थांबवता म्हणाला.

"ते तुझ्यावर आहे. तळातला लोड दाखव."

ब्रश थांबला.

इथल्या प्रत्येक बोटीच्या तळात एक आखूड लोड पडलेला असतो, हातभर लांब. इंजिनचं गळलेलं तेल तो पितो आणि पंप बाहेर टाकतो ते नुसतं पाणी. उलिसच्या तळात लोड नव्हता. काळ्या पाण्याची रेघ होती आणि साबणाचा वास.

"चोरीला गेला," तो म्हणाला. "देवाशपथ. मागच्या आठवड्यात. निळी दोरी बांधलेला होता. म्हटलं कुण्या बोटवाल्याने नेला असेल, आणीन नवा. आणि तेवढ्यात इंजिनचं सील गेलं. मी बोटीवर नव्हतोच, मावशी! भरती चढली, बोट उठली, तळात पाणी शिरलं, पंप आपोआप चालू झाला. शनिवारी सकाळी येऊन बघतो तर..." त्याने ब्रश बादलीत टाकला. "पण ते समुद्रात गेलं! बांधाच्या आत कसं जाईल? झडप आहे!"

"म्हणून तू गप्प बसलास. आणि आलिर?"

"मला वाटलं त्याने वेगळं सोडलं असेल. दोन तेलं एकाच दिवशी, योगायोग." तो खाली बघत होता. "वाटून घेतलं मी तसं."

"वाटून घेणं सोपं असतं," वन्सं म्हणाल्या. "या पेटीत काय आहे?"

"चारा. लॉब्स्टरच्या पिंजऱ्यांसाठी. गास्पारो."

पेटीत मासे होते, चंदेरी, ताठ, डोळे काचेसारखे स्वच्छ. वन्संनी एकाचा कल्ला उघडला. आत लालभडक.

"कुठून आणलेस?"

"झोएलकडून. त्याचा मेव्हणा मिरामिशीहून ट्रकने पाठवतो. यंदा भाव बरा लावलाय त्याने. परवा स्वतः बोटीवर येऊन पेट्या टाकून गेला. त्याआधी, आठवड्याच्या सुरुवातीलाही आला होता."

"ट्रकने," वन्सं म्हणाल्या, आणि कल्ला हळूच मिटला. "बराच वेगवान ट्रक दिसतो."

परत जाताना त्यांनी पुन्हा शेडपाशी गाडी थांबवायला लावली. आता त्या ढिगाच्या तळापर्यंत गेल्या. माझे हातमोजे कायमचे गेले ते तेव्हा. सगळ्यात खाली एक आखूड लोड होता, मधोमध फळीखाली दाबल्यासारखा चपटा झालेला. टोकाला निळ्या दोरीचा लांब तुकडा. आणि कापडाच्या विणीत, काळ्या तेलात अडकून, काहीतरी चमकत होतं.

खवले.

"सभा किती वाजता आहे?" वन्संनी विचारलं.

"चारला."

त्यांनी पोस्टाच्या भिंतीवरचं भरतीचं कोष्टक आठवत असल्यासारखे डोळे मिटले. "झोएलला वेळ निवडता येत नाही, हे बरं आहे."

५

चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. आलिर शेवटच्या रांगेत, सदऱ्याला इस्त्री केलेली. घरच्यांनी बळेच करून दिलेली असणार. झोएल व्यासपीठावर.

"आलिर हाशेचं सांडपाणी बंद करावं, असा ठराव," तो म्हणाला. "हात वर करा."

"एक मिनिट, अध्यक्ष," वन्सं उठल्या. "खिडक्या उघडू या. कोंदट झालंय."

"मावशी, हा ठराव आहे, चहापार्टी नाही."

"म्हणून तर. ठरावाला हवा लागते."

लोक हसले. कुणीतरी खिडक्या उघडल्या. हॉल बांधापासून दगड फेकण्याच्या अंतरावर आहे.

"एक विचारू? तू शनिवारी सकाळी आरोळी दिलीस, तेव्हा झडपेला हात लावलास?"

"शंभरदा सांगितलंय. घट्ट बंद होती."

"पुन्हा सांग, सगळे ऐकताहेत."

"घट्ट. बंद. होती!"

पाणी चढत होतं, ते दिसत नव्हतं पण वास येत होता, थंड आणि खारट. वन्सं खिडकीकडे बघत उभ्या राहिल्या. लोक चुळबुळ करू लागले. झोएलने टेबलावर बोटं वाजवली. "मावशी, बोलायचं असेल तर बोल, नाहीतर हात मोजू दे."

"थांब. ऐक."

हॉलमध्ये कुणाला खोकला आला, त्याने तो गिळला. आणि मग बांधाकडून आवाज आला. जाड, ओला, पोटात जाणारा.

धप्प.

सगळ्यांच्या माना वळल्या, पण झडपेकडे नाही. ओनेझिमकडे. म्हातारा उभा राहिला होता, खुर्चीची पाठ घट्ट धरून, आणि त्याचे गाल ओले झाले होते.

"ऐकलं," तो म्हणाला. "मी ऐकलं."

"तू बहिरा नाहीसच," वन्सं म्हणाल्या. "काल नळ चालू असताना माझी कुजबुज ऐकून तू मोजा लपवलास. मग गेल्या आठवड्यात झडप का नाही ऐकू आली तुला?"

ओनेझिमने सगळ्यांकडे बघितलं. "मला वाटलं माझेच कान गेले. झडप वाजेना. रात्री, दिवसा, एकदाही नाही. राखणदाराचे कान गेले म्हणजे काय उरलं? म्हणून मी... म्हणून टीव्ही मोठा लावत होतो, रात्रंदिवस. बहिरेपणाची सवय करत होतो." त्याने डोळे पुसले. "शनिवारी पहाटे एकदा वाजली. भलत्याच वेळी. भरती निम्मी चढून गेल्यावर. मला वाटलं स्वप्न."

"स्वप्न नव्हतं. कुणीतरी झडपेत काहीतरी अडकवून ठेवलं होतं. मऊ काहीतरी, लाकडावर ओरखडा न उमटवणारं, कारण गेल्या सालचा ओरखडा ओनेझिमने पकडला होता. शनिवारी पहाटे ते दोरीने ओढून काढलं, आणि भरतीच्या पाण्याने झडप आपटली." वन्संनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला लोड काढून टेबलावर ठेवला, झोएलच्या कागदांवर. "उलिस, ओळख पटते?"

"माझाच," उलिस म्हणाला. "दोरीही माझी."

"तो बोटीतून गेला, म्हणून इंजिनचं तेल समुद्रात गेलं. तो झडपेत बसला, म्हणून ते तेल आत आलं. एकाच चोरीने दोन्ही कामं केली. मोठ्या लोडावरचे फिकट पट्टे खुंटांचे आहेत, ते शेडमध्ये कुणीही जाऊन बघावेत. तेल समुद्राकडून आलं. आणि या लोडावरचे हे चमकणारे खवले गास्पारोचे. फटीतून आत शिरताना घासून गेलेले. मे महिन्यात गास्पारो गोड्या पाण्याकडे धावतो. झडप उघडी असली की सरळ चरात येतो. चरात, कुणाच्या तरी कुरणात, जाळं लावलं की पेट्याच पेट्या ताजा चारा. मिरामिशीहून ट्रक आणायची गरज नाही."

सगळे एकाच दिशेला बघू लागले.

"हा लोड ढिगात कुणीही टाकला असेल," झोएल म्हणाला. त्याचा आवाज अजून अध्यक्षाचा होता. "मासे कुणीही पकडले असतील. माझ्या कालवडी मेल्यात, मावशी! माझ्या!"

"हो. म्हणूनच तुझ्यावर कुणी शंका घेतली नाही." वन्सं त्याच्याकडे बघत होत्या, रागाने नाही. "शनिवारी तू आरोळी दिलीस तेव्हा चिखल उघडा होता. पूर्ण ओहोटी. ओहोटीत झडप कशी असते, ओनेझिम?"

"उघडी," म्हातारा म्हणाला. "आतलं पाणी तिला ढकलत असतं. लोंबकळत असते. ओहोटीत ती बंद असूच शकत नाही."

"झोएलने ती घट्ट बंद पाहिली. म्हणजे त्याने ती भरतीत पाहिली. आरोळीच्या कितीतरी आधी."

झोएलने तोंड उघडलं, आणि मला वाटलं आता तो बंबाच्या कप्तानाच्या आवाजात काहीतरी गरजेल. पण तो खाली बसला.

६

"मला तेल माहीत नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "फक्त मासे. सगळ्यांचेच आहेत ना मासे? पहाटे जाळं काढायला गेलो तर पाणी काळं. लोड ओढला. झडप आपटली."

"मग?"

"मग जाळं काढलं. पेट्या गाडीत भरल्या. कोठारात लपवल्या."

"आणि कालवडी?"

झोएल आपल्या हातांकडे बघत होता. "कुरणाच्या टोकाला होत्या. लांब. वाटलं नाही एवढ्यात पाण्यावर येतील."

"आधी जनावरं हाकली असतीस तर?"

आलिर शेवटच्या रांगेतून उठला, सगळ्या खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आला. लोक मागे सरले, कारण त्याचे हात मोठे आहेत आणि त्याने कधी ते वापरले नाहीत, आणि कधीतरी वापरेल असं सगळ्यांनाच वाटत आलंय. तो टेबलाशी थांबला. त्याने चपटा लोड उचलला, उलटला, बोटाने दाबला.

"अजून थोडं पिईल," तो म्हणाला. "चरात अजून तेल आहे. इथे कशाला ठेवलाय?"

आणि तो काखेत धरून बाहेर गेला. सदऱ्याची इस्त्री तिथेच संपली. थोड्या वेळाने उलिस त्याच्या मागे गेला, मग आणखी दोघेतिघे.

आता कुणी काय भरलं ते सांगते.

झोएलने अध्यक्षपद भरलं, बंबाची टोपी भरली, आणि दोन कालवडी. त्या त्याने त्या पहाटेच भरल्या होत्या, माशांच्या पेट्या उचलता उचलता. पावती फक्त मंगळवारी मिळाली. उलिसने अख्खा हंगाम भरला. बोट धक्क्यावर बांधलेली, आणि तो रोज आलिरबरोबर चर पुसायला. ओनेझिमने काही भरलं नाही, उलट त्याला त्याचे कान परत मिळाले. फक्त आता तो दर भरतीला कूस बदलायच्या आधी क्षणभर श्वास धरतो, असं तो स्वतः सांगतो. वन्संनी तर माझे हातमोजे भरले.

गावाने काय भरलं? आलिरची माफी कुणी मागितली नाही. आमच्याकडे तशी रीत नाही. पण त्या जूनमध्ये गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागली होती. कुणाचं तेल बदलायचं, कुणाचं तपासायचं, कुणाचं नुकतंच बदललेलं पुन्हा बदलायचं. मीही गेले. आलिर गाडीखाली होता, पाय बाहेर.

"तेल चांगलं आहे," तो म्हणाला. "बदलायची गरज नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तरी बदल."

तो गाडीखालून बाहेर सरकला. मग म्हणाला, "शनिवारी त्या सांगणाऱ्या सगळ्यांत तूही होतीस, लेओना."

होते. तो माझा हिशेब.